मदतीचा चाकू

धारवाल्याचा मेहुणा दुकानाच्या दारात येऊन म्हणाला, "दाजी, ताई गेली." धारेचं चाक थांबायच्या आत त्याने पुढचंही सांगून टाकलं. नवा चाकू तो ताईला, धारवाल्याच्या बायकोला, दाखवत होता, चुकून बटण दाबलं गेलं, पातं आपोआप बाहेर आलं आणि तिला लागलं. कसं झालं, हे अजून कुणी विचारलंही नव्हतं.

चाकूच्या मुठीवर बटण होतंच, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते पटलं. सासूबाईंना पटवून घेणं भागच होतं. लेक गेली, आता हा एकच मुलगा उरला होता.

तेराव्याच्या आधीच फौजदाराने धारवाल्याला चौकीवर बोलावलं. धंदाच तुमचा, हा चाकू आपोआप उघडतो का बघून सांगा म्हणाला, आणि फोन वाजला म्हणून आतल्या खोलीत गेला.

धारवाल्याने चाकू हातात घेतला. खटक्याच्या चाकूत स्प्रिंग पात्याला सतत बाहेर ढकलत असते, बटण तिला नुसतं अडवून धरतं, दाबलं की सोडतं. मदतीच्या चाकूचं उलटं. त्यात स्प्रिंगच पातं आत दाबून ठेवते. अंगठ्याने पात्यावरची खुंटी जरा रेटली, तर मगच ती उलटते आणि पातं फेकते.

त्याने बटण दाबलं. काही झालं नाही. चाकू जोरात झटकला, तरी पातं हललं नाही. मग खुंटीवर अंगठा ठेवला. पातं आधी अडलं, त्याने रेटलं, आणि खटकन बाहेर आलं. बटण होतं ते उघडलेलं पातं मिटायला सोडवण्यापुरतं.

त्याने पातं मिटलं आणि चाकू टेबलावर ठेवला. फौजदार परत आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, की उद्या सांगतो.

घरी सासूबाई पानं वाढत होत्या. मेहुण्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "काय दाजी, बटणाचाच ना?"

"नीट कळलं नाही."

"तुम्हाला? डोळे मिटून चाकू ओळखणारी माणसं तुम्ही." तो हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचा हात वाढता वाढता थांबला होता आणि नजर जावयाच्या तोंडावर होती. धारवाल्याने उचललेला घास परत पानात ठेवला.

मेहुण्याने ते पाहिलं. मग आईकडे वळून शांतपणे म्हणाला, "उद्या दाजींना एकटं सोडायचं नाही, आई. चौकीवर मी जातो बरोबर."

सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. फौजदाराला उत्तर द्यायचं अजून राहिलं होतं.