म्हातारीची शेपटी आणि मी

मी एक जुनी मापाची टेप आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे ओशाळायला नको: मी काही वर्षे बिनदिक्कत खोटे बोलत होते, आणि ते माझे मलाच ठाऊक नव्हते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापडाच्या पट्टीवर पिवळा रंग चढला, काळ्या रेघा उमटल्या, दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसल्या आणि मी दीडशे सेंटीमीटरची झाले. शिवणकाम करणाऱ्या एका आईने मला विकत आणले. तिच्या गळ्यात आधीच एक टेप होती, म्हणून मी तिच्या लेकीच्या बॅगेत गेले. "घे, तुझी माकडं मोजायला होईल," आई म्हणाली. मी नाक मुरडले. खांदा, बाही, कंबर मापायचे सोडून माकडे!

लेकीला सगळे ताई म्हणत. तिचे माकडांवरचे संशोधन जंगलाच्या कडेला, दोन खोल्यांच्या ठाण्यात चाले. पिंजरे लावायला आणि माकडांची देखभाल करायला तिथे काका होते. पिंजऱ्यात सापडलेल्या माकडाला झोपेचे इंजेक्शन द्यायचे, टेबलावर निजवून त्याची मापे घ्यायची आणि जाग आल्यावर जिथल्या तिथे नेऊन सोडायचे, असा आमचा दिनक्रम होता.

टेकडीवरची माकडे काळ्या तोंडाची आणि लांब शेपटीची होती. त्यांच्या डोक्यावर केसांचा भोवरा असे. नदीकाठची गुलाबी तोंडाची, आखूड शेपटीची. त्यांचे केस मधोमध भांग पाडल्यासारखे दिसत. दोघांच्या मध्ये एक खिंड होती. त्या खिंडीत दोन्ही घराण्यांची सोयरीक जमली आहे का, तिथली पिल्ले मिश्र आहेत का, हे ताईला शोधायचे होते.

तिने एक नियम ठरवला. शेपटी साठ सेंटीमीटर किंवा जास्त, तर माकड टेकडीचे. चोपन्न किंवा कमी, तर नदीचे. मधले ते मिश्र. "चेहरा बघून दोघांची दोन मतं होतात," ती म्हणे. "आकड्यावरून कुणी भांडत नाही." ते ऐकून माझी छाती फुगायची.

ठाण्यावर एक म्हातारी होती. टेकडीवरची, पाय अधू झाल्यामुळे कायमची आमच्याकडे राहिलेली माकडीण. दर वर्षी तिची तपासणी होई आणि काका हट्टाने तिची शेपटी मोजायला लावत. पहिल्याच दिवशी मी तिच्या शेपटीला भिडले आणि बासष्ट सांगितले. दुसऱ्या वर्षीही बासष्ट. तिसऱ्या वर्षी साडेएकसष्ट, मग एकसष्ट, मग साडेसाठ, मग साठ. "म्हातारपणी माणूस आखडतो, मग शेपटी का नाही आखडणार?" काका म्हणत आणि दोघेही हसत. मीही हसायचे. हसायला नको होते.

काकांची माझ्यावर फार माया. काम झाले की ते मला औषधाच्या पाण्यात बुडवत, बोटांत धरून निपटत आणि मी गुंडाळली जाऊ नये म्हणून खालच्या टोकाला जड चिमटा लावून खिळ्यावर टांगत. तो चिमटा मला रोज केसभर ओढत होता. केसभर ओढणे कोणाला कळते?

पहिली दोन वर्षे आम्ही टेकडीवर होतो, पुढची दोन नदीकाठी, आणि शेवटची तीन खिंडीत. खिंडीत एखाद्याचे तोंड काळे कुळकुळीत असायचे, डोक्यावर भोवराही असायचा. "ताई, हा तर पक्का टेकडीवाला," काका म्हणायचे.

"टेप काय म्हणते ते बघा, काका. अठ्ठावन्न."

आणि ते माकड मिश्र ठरायचे. अशी अठरा माकडे मिश्र ठरली. ताईने शोधनिबंध लिहिला, एका नियतकालिकाकडे पाठवला आणि तो स्वीकारलाही गेला. पुढच्या महिन्यात छापून येणार होता.

त्याच आठवड्यात म्हातारीची सातवी तपासणी झाली. मी साडेएकोणसाठ सांगितले. काकांनी लिहून घेतले आणि मग खो खो हसत सुटले. "अहो ताई, साठच्या खाली आली की! म्हातारीनं या वयात माहेर बदललं की काय?"

ताई हसली नाही. तिने वहीतल्या म्हातारीच्या पानावरची सातही वर्षे बोटाने वाचली. मग मला घडी न घालता मुठीत घेतले आणि थेट आईकडे गेली.

आईने मला कापायच्या टेबलावर पसरले आणि स्टीलची मीटरपट्टी शेजारी ठेवली. पट्टी शंभरवर संपली. माझा शंभरचा आकडा तिच्या चार सेंटीमीटर पुढे पडला होता, म्हणजे मी प्रत्येक माप कमी सांगत होते.

"ताणलीये गं ही," आई म्हणाली. "अजून हीच वापरतेस? मी दर वर्षी नवी घेते."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलायचं राहिलं. आम्हाला लगेच कळतं, गिऱ्हाईक अंगाला घट्ट होतंय म्हणून परत येतं. माकड कुठे तक्रार करतंय, शेपटी कमी भरली म्हणून!"

ताई खुर्चीत बसली. "सात वर्षं, आई. निबंध निघालाय छापायला."

आईने शिवण उसवायचा छोटा हुक तिच्या हातात ठेवला. "उसव. आत्ताच उसवलंस तर कापड तरी वाचेल. मी बसते तुझ्याजवळ."

त्याच टेबलाशी बसून ताईने निबंध थांबवण्याचे पत्र लिहिले. ती लिहिताना रडत होती. मित्रांनो, मी तिथेच पसरलेली होते आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न उरला. मी ताणले गेले, हे खरे. पण म्हातारीही थोडी आखडली असेल तर? काकांनी तिला मांडीवर घेऊन शांत निजवले. ताईने नव्या स्टीलच्या टेपने मोजले.

"बासष्ट," ती म्हणाली. तिने पुन्हा मोजले. बासष्टच.

म्हातारीची शेपटी सात वर्षांत तसूभरही हलली नव्हती. त्यामुळे कोणत्या वर्षी मी किती खोटे बोलले, ते तिच्या आकड्यांवरून नेमके काढता आले. ताईने प्रत्येक माकडाचे माप दुरुस्त केले. अठरांपैकी अकरा माकडे टेकडीचीच ठरली. सात मात्र मधलीच राहिली. त्यांची तोंडे गुलाबी आणि काळी अशी ठिपक्याठिपक्यांची होती आणि अर्धवट भोवऱ्यातून भांग निघत होता. खिंडीत सोयरीक झाली होती, ताई म्हणत होती तितकी मोठी नव्हती एवढेच. नवा निबंध वर्षभराने आला, आणि त्यात माझी चूक पहिल्याच पानावर लिहिलेली आहे.

मला कोणी फेकले नाही. मी अजून त्याच खिळ्यावर आहे, चिमट्याशिवाय. नवे विद्यार्थी आले की काका मला मीटरपट्टीशेजारी धरायला लावतात आणि मगच त्यांच्या हातात नवी टेप देतात. मित्रांनो, तुमच्या हातातही रोजची काही साधने असतील, ज्यांच्या शब्दावर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवता. आमच्यावर जरूर माया करा, पण वर्षातून एकदा आम्हालाही मोजा. आम्ही आपणहून सांगू शकत नाही.

म्हातारी गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या पानावर ताईने माझे पाच चुकीचे आकडे एका रेघेने खोडले आहेत, पण पुसलेले नाहीत. सर्वांत वर मात्र माझा पहिल्या दिवशीचा आकडा तसाच आहे: बासष्ट.