सतरा एकांचा भाजक

देवराम खोटारडा आहे, हे मी मानपाड्याच्या रिक्षात बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं. सकाळपासून जिवाला चैन नव्हती. सिग्नलला रिक्षा थांबली तरी पाय हलतच होता.

साल १९९४. सकाळी मुलाने ऑफिसातून फोन केला. सतरा एक ओळीने लिहिले की जी संख्या होते, तिला कशाने भाग जातो, हे त्याने कॉम्प्युटरला विचारलं होतं. उत्तर आलं, २०७१७२३. मी दोनदा हाताने भागून पाहिलं. बाकी शून्य.

हाच भाजक मी आणि देवराम आठ वर्षं शोधत होतो. कारखान्यात आम्ही दोघं मापं तपासायचो. रिटायर झाल्यावर हात शिवशिवायला लागले म्हणून हे खूळ घेतलं. या संख्येचा भाजक चौतीसच्या पाढ्यातल्या कुठल्या तरी आकड्याहून एकाने मोठा असतो, एवढं पुस्तकातून कळलं होतं. त्यांतल्या फक्त मूळ संख्या आम्ही एकाआड एक वाटून घेतल्या. आठवड्याला प्रत्येकी अठरा-वीस भागाकार, आणि दर गुरुवारी वही घेऊन मी कळव्याहून त्याच्याकडे. भरलेल्या वह्या त्याच्याच कपाटात राहायच्या. वीस लाख एकाहत्तर हजार तर आम्ही ९१ सालीच ओलांडले होते. म्हणजे भाजक कोणाच्या तरी हातून निसटला होता, आणि कारखान्यातल्या छत्तीस वर्षांत माझं एक माप चुकलेलं नव्हतं.

देवरामने दार उघडलं. गुरुवार नव्हता, तरी त्याने काही विचारलं नाही. मी उभ्या उभ्याच आकडा सांगितला.

"भागाकार न करताच 'भाग जात नाही' असं लिहिलंस ना तू? तीन वर्षं फुकट घालवलीस माझी."

त्याने कपाटातून जुनी वही काढली आणि नेमकं पान उघडून पुढे केलं. अक्षर माझं होतं. २०७१७२३, खाली लांबलचक भागाकार, बाकी नऊ. मध्ये एके ठिकाणी मी हातचा विसरलो होतो. तिथेच पेन्सिलीचं बारीक टिंब होतं.

"हे टिंब कोणाचं?"

"माझं. त्याच आठवड्यातलं."

मी वही घेऊन खाली बसलो. लाज वाटलीच, पण संताप जास्त आला.

"माहीत असून तीन वर्षं माझ्यासमोर भागाकार करत बसलास? कीव करत होतास माझी?"

"कीव कसली रे, कुंडलिक," तो म्हणाला. "बायको जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून या घरात येतं कोण? भाजक सापडला असता तर तूपण आला नसतास."

आलो असतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते खरं नव्हतं. मी संख्येसाठीच येत होतो. चार वर्षांत त्याला एकदाही नीट विचारलं नव्हतं, की बाबा, कसा राहतोस तू एकटा. फार वाईट वाटलं.

उठलो, दारापर्यंत गेलो, परत फिरलो. वहीचं कोरं पान उघडून ओळीने एकोणीस एक लिहिले.

"ही घेऊ आता. इथे अडतीसचा पाढा लागेल. आणि माझे भागाकार तू तपासायचे, उघड उघड."

देवरामने चष्मा पुसून पान जवळ ओढलं.

"किती वर्षं लागतील रे?"

"लागतील तेवढी लागू देत."

एकोणीस एकांना कशानेच भाग जात नाही, हेही मुलाने सकाळी फोनवर सांगितलं होतं. देवरामला ते मी अजून सांगितलेलं नाही.