फेटाळलेली दुरुस्ती

मी एका पक्षशाखेच्या इतिवृत्ताची वही. लँकशायरमधल्या एका गिरणीगावात माझं आयुष्य गेलं. पार्लमेंटात काय गाजलं ते मला ठाऊक नाही. वॉर्डात पत्रकं कोणी वाटली आणि कोणी नुसतंच 'वाटतो' म्हटलं, ते मात्र ठाऊक आहे.

माझे सेक्रेटरी क्रॅबट्री. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव सावध. सभेत कपबशा आदळेपर्यंत भांडण झालं, तरी माझ्यात उतरायचं 'चर्चेअंती ठरले' एवढंच.

१९५२च्या मार्चात एल्सी ग्रिमशॉनं नगरपालिकेची उमेदवारी मागितली. गिरणीत माग चालवणारी विधवा बाई ती.

अध्यक्ष गोड हसले. "एल्सीबाई, दारोदार फिरण्यात तुमचा हात कोण धरणार? पण उमेदवार आपला पुरुषच बरा."

"मग दारोदारही पुरुषांनाच फिरवा की!"

मत न घेताच तिचं नाव गळलं. क्रॅबट्रींनी लिहिलं, 'श्रीमती ग्रिमशॉ यांनी माघार घेतली.' मला लाज वाटली, पण वहीला कोण विचारतो?

पुढे शाखा मोडली आणि मी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात आले. त्या सभेनंतर सेहेचाळीस वर्षांनी एल्सीची मुलगी म्युरिअल तिथं आली. आई नुकतीच गेली होती.

"एकदा भांडणात मी तिला म्हणाले, ऐनवेळी शेपूट घातलंस तू," तिनं दप्तरखाना सांभाळणाऱ्या ब्रिजेटला सांगितलं. "सगळं गाव तेच म्हणायचं. ती उठून भांडी घासायला लागली. खरं काय ते बघायचंय मला."

तिनं मार्चचं पान वाचलं आणि मला मिटलं. "म्हणजे खरंच होतं तर."

"थांबा हो, एप्रिल बघा," ब्रिजेट म्हणाली. "मागचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून मंजूर करतात. खरी भांडणं तिथं सापडतात."

क्रॅबट्री शब्द फिरवायचे, पण मतांची मोजणी कधी फिरवली नाही. एप्रिलच्या पानावर होतं: 'माघार घेतली हे खोटे आहे, ते शब्द काढावेत, अशी दुरुस्ती श्रीमती ग्रिमशॉ यांनी मांडली. बाजूने एक, विरुद्ध अकरा. दुरुस्ती फेटाळली.'

म्युरिअलनं ते तीनदा वाचलं. मग डोळे पुसून म्हणाली, "माझं मत लिहून घ्या. बाजूने."

"आता वहीत काही लिहिता येत नाही हो, बाई."

ब्रिजेटचं बरोबर होतं, नियम तसाच आहे. सध्या मी खोक्यात असते, वर्षातून एखाददुसरा अभ्यासक येतो. तुम्ही आलात तर मार्चवर थांबू नका, पान उलटा. तिथं अजूनही 'बाजूने एक' असंच दिसेल. ते दोन धरा.