शेंदराखालचा वीर

छप्पन्न साली चाकणजवळचा नाशिक रस्ता रुंद करायला घेतला आणि सोनबा गुरवाची झोप उडाली. रस्त्याच्या कडेचा वीरबाबा, म्हणजे शेंदूर फासलेली शिळा, खडीत जाणार होता. रस्त्याच्या कामावरच्या साहेबानं एवढीच सवलत दिली होती: शिळेवर जुनं कोरीवकाम असेल तर रस्ता वळवू, शेजारी इतिहासाची पाटीही लावू, साधा दगड निघाला तर सुरुंग.

कोरीवकाम आहे, तलवार उगारलेला वीर आहे आणि तो आमचाच पूर्वज आहे, असं सोनबा छातीठोकपणे सांगून बसला होता. पाहिला मात्र कोणीच नव्हता. गुरवांच्या सात पिढ्यांनी शेंदूर-तेल चोपडून चोपडून शिळेचा पार भोपळा करून ठेवला होता. देव शेंदराची खोळ टाकतो ती आपणहून, माणसानं खरवडायची नसते, अशी रीत. पण देवाला वेळ होता, साहेबाला नव्हता.

सकाळी साहेब जीपमधून उतरला. सोनबानं देवाची माफी मागितली आणि खुरपं लावलं. त्याची बायको तानाबाई नेहमीसारखी लांब बाभळीखाली उभी होती. वीराला बाईची सावली चालत नाही, म्हणून तीस वर्षं तिनं नैवेद्य तिथूनच पुढे केला होता.

एक थर निघाला, दुसरा निघाला. खाली पुन्हा शेंदूरच. मुकादम घड्याळ पाहू लागला. आपल्याच हातानं देवाला उघडं केलं आणि तो नुसता धोंडा निघाला तर गावात तोंड कसं दाखवायचं, या धास्तीनं सोनबाला दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात तव्याएवढी खपली सुटून खाली पडली. आत कोपरात वाकलेला हात होता. मनगटभर बांगड्या.

साहेब गुडघ्यावर बसला. ही सतीची शिळा आहे, चांगली जुनी आहे, रस्ता वळवू, असं म्हणत त्यानं वही उघडली आणि पाटीवर बाईचं नाव काय घालायचं ते विचारलं. सोनबाचा जीव भांड्यात पडला, पण नाव त्याला ठाऊक नव्हतं.

तानाबाई बाभळीखालून निघाली. सोनबानं सवयीनं हात आडवा केला.

ती थांबली. "जाळली बी तिलाच," ती म्हणाली, "आन तीस वरसं तिच्यापास्नं लांब ठिवलं ते बी आमालाच. तिचं नाव कुनी कवा इचारलं व्हतं?"

सोनबानं हात खाली घेतला. तानाबाई शिळेपाशी बसली आणि पदरानं बांगड्यांवरचा शेंदूर पुसू लागली. साहेबानं वहीत नावाची जागा कोरी सोडली.