ताईंच्या डिझाइनांचा फोल्डर

हसू नका मित्रांनो, पण फोल्डरलाही म्हातारपण येतं. मला ना हात, ना पाय, ना अंगावर सुरकुती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पिवळ्या रंगाचं एक छोटंसं पाकीट दिसतं ना, तोच मी. ज्या कॉम्प्युटरमध्ये मी राहतो, त्याचा पंखा आता घरघर करतो आणि कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजून गेली आहेत. त्यावरून माझ्या वयाचा अंदाज बांधा.

माझा जन्म भरतकामाच्या एका दुकानात झाला. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली ती. एका भिंतीला धाग्याच्या रिळांची फळी, खिडकीपाशी भरतकामाचं मशीन आणि त्याला वायरने जोडलेला आमचा कॉम्प्युटर. सगळा कारभार ताईंचा. त्या पडद्यावर चित्र काढायच्या आणि मशीन ते टाक्यांनी कापडावर भरायचं. पहिलं चित्र होतं बदकाचं, बाळाच्या दुपट्यासाठी काढलेलं. त्याची चोच जरा वाकडीच झाली होती. तरी ताईंना ते भारी आवडलं. ते ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी मला तयार केलं.

मग काय, माझं पोट भरतच गेलं. उशांच्या अभ्र्यांवरची फुलं आली, शाळेच्या गणवेशावरची चिन्हं आली, लाळेऱ्यांवरचे ससे आले. मला उघडलं की सगळी चित्रं मोठी मोठी, शेजारी शेजारी दिसायची. ताईंनी मला तसंच लावून ठेवलं होतं. नावांचा मात्र आनंदीआनंद! एकाचं नाव ‘नवीन’, दुसऱ्याचं ‘नवीन नवीन’, तिसऱ्याचं ‘हेच खरं’. पण ताईंना नावांशी काय देणंघेणं? गिऱ्हाईक दारातूनच म्हणायचं, “मागच्या वेळचा तो मासा हवा,” की ताईंच्या माऊसचा बाण थेट माशावर. गिऱ्हाइकं त्यांचं कौतुक करायची आणि फुशारून जायचो मी.

एके सकाळी रीळ बदलता बदलता ताई खुर्चीतून घसरल्या. त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि दुकानाचं दार बंद झालं.

त्याच घरात त्यांची धाकटी बहीण राहते. आम्ही सगळे तिला धाकटीच म्हणतो. ती एका ऑफिसात कागदपत्रं सांभाळते आणि पसारा दिसला की तिच्या कपाळाला आठ्या पडतात. हॉस्पिटलातून आली की तिचा जीव घरात लागायचा नाही. मग ती आमच्यापुढे येऊन बसायची. “काय गं ही नावं, ताई!” असं म्हणत, हसत, मध्येच डोळे पुसत तिने एकेका डिझाइनला शहाण्यासारखं नाव दिलं. मोठी चित्रं दिसणं बंद करून बारीक अक्षरांची यादी लावली. नाव, तारीख, आकार, सगळं एका रांगेत. सगळ्या फोल्डरना हेच लागू करायचं का, असं पडद्याने विचारलं. तिने ‘हो’ दाबलं.

“आता ताई घरी आली की सगळं कसं चुटकीसरशी सापडेल,” ती स्वतःशीच म्हणाली. खरं सांगतो मित्रांनो, त्या ‘हो’मध्ये माया सोडून दुसरं काही नव्हतं.

ताई घरी आल्या. हळूहळू चालू लागल्या, बोलू लागल्या, हातही पूर्वीसारखा चालू लागला. एक गोष्ट मात्र परत आली नव्हती आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांना वाचता येत नव्हतं. अक्षरं दिसायची, पण लागायची नाहीत. औषधाच्या बाटलीवरचं नाव धाकटीकडून वाचून घेताना त्या म्हणायच्या, “चष्मा बदलायला झालाय.”

एका दुपारी धाकटी ऑफिसात असताना त्यांनी मला उघडलं. पडद्यावर नुसती अक्षरं. ताई पुढे वाकल्या. त्यांचं बोट ओळीवरून फिरलं, ओठ हलले, पुन्हा फिरलं. बदक कुठे गेलं, मासा कुठे गेला? अहो ताई, सगळे इथेच आहेत हो! एक टाकासुद्धा हरवलेला नाही! पण मला वाचा कुठली? त्यांनी मला बंद केलं, मशीनवर चादर घातली आणि खुर्ची भिंतीकडे सरकवून ठेवली. इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

“मशीन विकून टाकू,” त्या धाकटीला म्हणाल्या. “झालं माझं आता.”

धाकटीने खूप समजूत घातली. ताई ऐकेनात. शेवटी तिनेच जड मनाने गिऱ्हाईक शोधलं. जाड मिशांचे एक गृहस्थ आले, त्यांचंही भरतकामाचंच दुकान होतं. त्यांनी मशीन चालवून पाहिलं आणि म्हणाले, “डिझाइनंही घेतो, दाखवा बघू.” धाकटीने मला उघडलं.

“अहो बाई, ही काय वाणसामानाची यादी आहे? मी नावं घेणार का चित्रं?” असं म्हणून त्यांनी माऊस हातात घेतला आणि पटकन चित्रं मोठी केली.

ताई चहा घेऊन दारातच होत्या. कप खणखणले.

“बदक! अगं, हे माझं बदक! हा मासा... हे ससे... सगळे आहेत की गं!”

“आहेतच ना. जातील कुठे?” धाकटी गोंधळली.

ताईंनी ट्रे मशीनवरच टेकवला. “मला वाचता येत नाही गं आता. अक्षरं लागतच नाहीत. मला वाटलं, माझं सगळंच पुसलं गेलं.”

धाकटी ताईंजवळ गेली. “मला का नाही सांगितलंस?”

“लाज वाटली.”

दोघी एकमेकींना धरून रडल्या. मिशीवाल्यांनी गपचूप चहा संपवला. “चहा फक्कड झालाय,” ते उठत म्हणाले. “मशीन काही विकायचं दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझ्या शेजारचा फोल्डर उघडला. मिशीवाल्यांनी बदल केला होता तो फक्त माझ्यात. शेजाऱ्याकडे तीच बारीक अक्षरं. ताईंचा हात थबकला. आता पुन्हा चादर? पण ताईंनी मान वळवून जोरात हाक मारली, “अगं ए, इकडे ये! इथे पुन्हा त्या अक्षरांच्या मुंग्या आल्यात!” धाकटी पोळपाट सोडून धावत आली. पिठाच्या हातानेच तिने सेटिंग उघडली, मोठी चित्रं निवडली आणि पडद्याच्या त्याच प्रश्नाला पुन्हा ‘हो’ म्हटलं. या वेळी मात्र ताईंना विचारून.

मित्रांनो, तुम्हीही आपल्या माणसांचं खूप काही आवरून ठेवाल. जरूर ठेवा. फक्त आधी त्या जागी बसणाऱ्याला विचारा, “तुला कसं दिसायला हवं?” आणि तुमचंच कधी अडलं, तर चादर घालू नका, हाक मारा.

परवा ताईंनी एक नवं बदक काढलं. “नाव काय देऊ?” धाकटीने विचारलं.

“दे तुला हवं ते,” ताई म्हणाल्या. “मी त्याला तोंडावरून ओळखते.”