चारशे तेरा नंबरची वाचक

"काका, चारशे बारा आणि चारशे तेरा हे दोन वाचक एकच आहेत का हो?"

परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारता मारता माझा हात थांबला. विचारणारी मुलगी इंजिनीअर. आमच्या वाचनालयात पुस्तकं सुचवणारी यंत्रणा तिनंच बसवली होती. चारशे बारा म्हणजे मी. चारशे तेरा माझी थोरली बहीण.

"ते ताईचं कार्ड आहे," मी म्हणालो.

"मग त्यांनाच विचारते. फोन लावून देता?"

"ती गेली. सतरा महिने झाले."

पोरीचा चेहरा उतरला. चोरी माझी, आणि ओशाळली ती.

यंत्रणा आली तेव्हा तिनं आम्हाला समजावलं होतं, की ही शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरून बेतली आहे. तुमच्याशी आवड जुळणारे वाचक ती हुडकते, त्यांच्या मताचं बळ वाढवते आणि त्यांच्या आवडीवरून तुम्हाला पुस्तक सुचवते. अगदी एकासारखे एक दोघे असले, तर एकाला काढते. वर्षभर ज्यानं काही वाचलं नाही, तो मेला असं धरते. ताईच्या याच शक्तीनं तिचीच मूत्रपिंडं शत्रू समजून निकामी केली होती. त्या शक्तीचं कौतुक मला काय सांगता, असं तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं.

अंथरुणावर पडल्या पडल्या ताई आठवड्याला चार पुस्तकांचा फडशा पाडायची. ने-आण माझ्याकडे. पुस्तक परत करताना पाचपैकी गुण नोंदवायचे असतात. ते ती मला बजावून पाठवायची, "एक दे. तोही लेखकाच्या आईकडे बघून." मला आवडलेल्या पुस्तकावर तर ती हटकून तुटून पडायची. आमची जेवणं व्हायची, पण भांडण संपायचं नाही.

ती गेल्यावर तिचं कार्डही मरणार, हे मला नको होतं. म्हणून मी तिच्या कार्डावर पुस्तकं काढू लागलो. वाचायचो आणि तिच्या वतीनं गुण द्यायचो. तिची आवड मला तोंडपाठ आहे, अशी माझी खात्री होती.

"ताई होत्या तेव्हा तुमची आवड शंभरात अकरा जुळायची," मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली. "आता सत्त्याण्णव. आणि काका, कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाई आहेत ना, त्यांना ताईंच्या आवडीवरून पुस्तकं जायची. हल्ली त्या कुरकुर करतात, काय गुळमट पुस्तकं देता म्हणून."

गुळमट. माझ्या आवडीला ताई हेच म्हणायची.

मी पडद्यावरची यादी वर सरकवली. एका लेखकाच्या कादंबरीला ताईनं एक गुण दिला होता. त्याच लेखकाच्या पुढच्या दोन्ही कादंबऱ्यांना मी तिच्या नावावर पाच-पाच दिले होते. सतरा महिने मी ताईला जगवत नव्हतो, तिच्या जागी स्वतःला बसवत होतो. मला माझीच लाज वाटली.

"आता काय करता येईल?"

"दोन्हीतलं एक कार्ड राहील. हवं तर ताईंचं ठेवते. नाहीतर त्या गेल्यानंतर तुम्ही दिलेले गुण काढून टाकते. मग खऱ्या ताई उरतील, पण सतरा महिन्यांत वाचन शून्य. रोज पाच वाजता यंत्रणा वाचकांची छाननी करते, तेव्हा ती त्यांना वगळेल."

"वगळू दे," मी म्हणालो. "माझं सगळं काढ."

माझे गुण पुसले गेले आणि यंत्रणेनं ताईसाठी नवी यादी काढली. नऊ पुस्तकं. त्यातलं एकही मी तिच्यासाठी काढलं नव्हतं. घाईघाईनं मी ती कागदावर उतरवून घेतली. पाच वाजता पुन्हा नंबर टाकून पाहिला, तर 'असा वाचक नाही' असं आलं.

यादीतलं पहिलं पुस्तक मी घरी नेलं. कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं आणि दर चार पानांनी एक मढं. मला ते मुळीच आवडलं नाही. भांडायला समोर कुणी नव्हतं. शेवटपर्यंत वाचलं, सकाळी माझ्या कार्डावर त्याला एक गुण दिला आणि यादीतलं दुसरं काढलं.