दोनशे बारा वेळा

काडीपेटीतली काडी — गुल झडलेली, बोटाच्या घामानं मळलेली — ओळीखालून सरकत होती. एकेका अक्षरापाशी टेकत, जरा दम खात, पुन्हा सरकत... आणि तिसऱ्या ओळीच्या मध्यावर येऊन थांबली. समीक्षानं वाट पाहिली. काडीच्या पुढे तीन साधी अक्षरं होती. ना जोडाक्षर, ना रफार. याहून अवघड 'दुष्काळ' आईनं मगाशीच एका दमात पार केला होता. पण काडी त्या तीन अक्षरांवरून उचलली गेली, उंबऱ्यावरून पाऊल उचलावं तशी, आणि पलीकडे टेकली.

"सकाळी... नं मेंढरं उठवली," बनुबाईनं वाचलं.

"कुणी उठवली?"

"उठवली कुणीतरी. म्होरं वाचू दे."

पुढच्या ओळीत पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या ओळीत दोनदा. वाक्यं अशी मधूनच उघडी पडत चाललेली, पाल फाटल्यावर आतलं सामान दिसावं तशी, आणि आई मात्र ओठ मिटून, नाकानं श्वास घेऊन, शांतपणे पलीकडे जाते आहे... तिसऱ्या पानावर तिनं कागद मिटले. "आता दुपारी," म्हणाली. पण समीक्षाला कळलं. दुपारी नाही. कधीच नाही.

पाच वर्षं. कॉलेजात तास घेऊन आल्यावर, वडूजच्या या दोन खोल्यांत, शेगडी आणि पलंग यांच्या मधल्या जागेत बसून लिहिलेलं पहिलं पुस्तक — आबांवर, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या आणि मृगाच्या आत माघारी येणाऱ्या तिच्या बापावर. ते लिहिता लिहिता आबा गेले, चार वर्षं झाली. आणि ते गेल्यावर, रिकामी संध्याकाळ खायला उठते म्हणून, आई साक्षरतेच्या वर्गाला जायला लागली, अठ्ठावन्नाव्या वर्षी. तिथल्या बाईंनी काडी धरायला शिकवलं. आईनं ठरवून टाकलं होतं की आयुष्यातलं पहिलं अख्खं पुस्तक वाचीन तर ते समीचं. म्हणून तर रजा टाकून आज शेवटची प्रुफं तिच्या पुढ्यात ठेवली — छापायला जाण्याआधी तिनं वाचावं, निदान सुरुवात तरी करावी...

आईनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पाणी ओलं असतं हे माहीत असतं, तसं माहीत होतं. लिहिताना मात्र कुठं आठवलं नाही. आणि वर तिला नुसतं डोळ्यांनी वाचता येत नाही. तोंडातून गेल्याशिवाय अक्षर तिचं होतच नाही.

"मनात वाच ना," समीक्षा म्हणाली.

"मनात कसं वाचत्यात गं? मनात तर आपलं आपलंच चालू असतंय."

दहाला फोन आला. सांगलीचे नाथाजीराव, लहानसं प्रकाशन, जुना माणूस, नव्या लेखकाचं पुस्तक काढताना अजून हळवा होणारा. "समीक्षाताई, पाच वाजता मी फोन करतो. काय बदलायचं ते तेव्हा सांगा. त्यानंतर कानामात्रासुद्धा हलणार नाही."

"नाही सर, काही नाही," तिच्या तोंडून गेलं. मग फोन ठेवून ती संगणकापाशी बसली.

शोधा. तीन अक्षरं टाकली. यंत्रानं पापणी लवायच्या आत सांगितलं — दोनशे बारा ठिकाणी. त्या जागी काय घालायचं? तिनं 'आबा' लिहिलं. सगळीकडे बदला... आणि बदललं. सकाळी आबानं मेंढरं उठवली. वाक्य बरं वाटत होतं, उलट मऊ झालं होतं. आई हे घडाघडा वाचेल. काडी कुठं अडणार नाही. पान खाली, अजून खाली — आबा, आबा, आबा... आणि विसाव्या पानापर्यंत येता येता तो माणूस तिला दिसेनासा झाला. आबा काय, दर घराआड एक असतो. हा कुणाचाही झाला होता. खोकणारा, कोपऱ्यात बसणारा, सगळ्यांचा.

कारण ते नाव मुद्दामच लिहिलं होतं ना. उंब्रजकडच्या मळ्यांत मेंढरं बसवायला बोलवायचे — रात्रभर कळप रानात बसला की लेंड्यांचं खत, बदल्यात पायली-दोन पायली जोंधळा — तेव्हा बांधावरून हाक यायची, "ए मेंढक्या!" एकाच रानात सात वर्षं मेंढरं बसवली, मळेवाल्यानं एकदाही विचारलं नाही, बाबा रं, तुझं नाव काय. आणि शेवटी दवाखान्यात, "तेरा नंबरचं कोण आहे?" आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो होतो. तेरा नंबरच्या. तेव्हाच कधीतरी मी मनाशी म्हणाले असेन की पानापानावर लिहीन, एवढ्या वेळा लिहीन की वाचणाऱ्याला घ्यावंच लागेल.

तिनं बदल मागे घेतला. दोनशे बारा नावं आपापल्या जागी येऊन बसली, आणि आई पुस्तकाबाहेर.

जेवताना समीक्षा चिडली. चिडायचं नव्हतं.

"आता ते नाहीत, आई. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात ना? मग आता काय कमी व्हायचंय?"

बनुबाई हसली, भाकरीचा तुकडा हातात तसाच. "त्येबी खरंच. आता कमी व्हायला काय राहिलंय!" मग हसू हळूहळू उतरलं. "पर गेलं म्हणून नाव गेलं का गं? आन लिवलंयस बी किती! रेशनकार्डावर बी येवडं नसतंय."

"तुला आवडलं नाही?"

"आवडलं की. तुझ्या हातात लय हाय. पर तोंड वळत न्हाई, समे. लग्नात उखाणा घे म्हणून बाया मागं लागल्या, तवा पदर तोंडात कोंबून पळाले मी. अडतीस वर्सं 'आवं'वर काढली." तिनं भाकरी पुन्हा ताटात ठेवली. "एकदाच घेतलंय."

समीक्षानं वर पाहिलं.

"तू चार वर्सांची. कोकणातनं माघारी येत हुतो, तारळी नदी उतरायची हुती. तुला आन कोंबड्यास्नी घोड्यावर घालून म्होरं पलीकडं नेलं. त्येनी मागल्या कोकरास्नी आणाय परत पाण्यात शिरले. वर डोंगरात वळीव झाला आसंल... मला काठावरनं दिसलं, पाणी लाल हून यायलंय. आवं म्हणून वरडले, दोनदा. पाण्याच्या आवाजात 'आवं' कुणाला ऐकू जातंय? आन मग... आलं तोंडातनं."

"मग?"

"मग काय. मागं बघितलं."

"आणि?"

"बघतच ऱ्हायलं. आगं, पाणी यायलंय, आन ह्यो बाबा माझ्याकडं बघत उभा! लय येळ. मग आलं भाईर, दोन कोकरं काखंत घिऊन." तिनं तांब्या उचलला, पाणी प्यायली नाही. "रातीला बोलले न्हाईत. दुसऱ्या दिशी बी न्हाईत. नुसतं मधनंच हसायचं, येड्यावानी. मी म्हनलं, परत न्हाई घेणार हां. तर म्हणाले, नगं घिऊस. पुरलं."

ताट उचलताना ती पुटपुटली, "तू ह्ये न्हाई लिवलं आसशील."

कसं लिहिणार. मी घोड्यावर होते, वाकळेत तोंड खुपसून, कोंबड्यांच्या वासात. मी लिहिलं होतं ते माझ्या आठवणीतलं — पान सत्तेचाळीस — एकदाही मागे वळून न पाहता नदी ओलांडणारा माणूस. सगळ्या पुस्तकात मला ते वाक्य सर्वांत खरं वाटत होतं. कठीण, एकटा, न वळणारा बाप... दोनशे बारा वेळा हाक मारल्यासारखं नाव लिहिलं मी, आणि त्यानं एकदाही मागे बघितलं नाही. बघणार कसा? ती हाक नव्हतीच. पाटी होती. आणि हिनं एकदा...

दुपार खिडकीतून भिंतीवर चढत गेली. नाव ठेवावं. नाव काढावं. ठेवावं आणि आईपुरती एक वेगळी प्रत काढावी, 'आबा' घातलेली — पण ती खोटी प्रत आहे हे आईला कळेल, आणि कळलं नाही असं दाखवून ती वाचेल, तेच जास्त वाईट. मग पान सत्तेचाळीस तरी... पण ते बदलायचं तर तिची ती एकुलती हाक छापायला द्यायची? 'पुरलं' म्हणालेला माणूस काय म्हणेल?

पाचला फोन वाजला तेव्हा तिच्या मांडीवर कागद पसरलेले होते. तिनं फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवला. आई समोर गवार मोडत बसली होती.

"हां, समीक्षाताई. आधी माझी एक शंका. सत्तेचाळीस नंबरचं पान, वरून दुसरी ओळ. वाचतो हां..."

आणि नाथाजीरावांनी वाचलं. त्यांच्या त्या निवांत, सांगलीच्या आवाजात — ते नाव. साधं, स्वच्छ, तीन अक्षरांचं. या घरात चार वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

आईचा डावा हात गवारीतून उठला. तिनं वर पाहिलं नाही, काही ठरवलं नाही. हात आपला आपण गेला आणि खांद्यावरचा पदर डोक्यावर ओढून घेऊन परत आला. पालाबाहेर आबांच्या वहाणा वाजल्या की जायचा तसा. मग तिच्या ध्यानात आलं. तिनं समीक्षाकडे पाहिलं, लाजली, पण पदर काढला नाही.

"...'एकदाही मागे वळून न पाहता'. इथं स्वल्पविराम हवा का, एवढंच. ताई? बाकी सगळं असंच ठेवायचं ना?"

ठेवा — म्हणायला काय लागतं? बदला — हेही सोपं. दोन्ही शब्द दुपारभर घासून तयार ठेवले होते, आणि आता तोंडात दोन्ही नव्हते. तीन अक्षरं होती फक्त. मी ती मनातल्या मनात उच्चारून बघितली. हजार वेळा टंकलेली अक्षरं, आणि पहिल्यांदाच मला ती म्हणताना भीती वाटली, की खरंच कुणीतरी वळेल.

"ताई, आवाज येतोय का माझा?"

"येतोय," मी म्हणाले. मांडीवरचे कागद गोळा करून मी पाय जवळ घेतले, आत येणाऱ्याच्या वाटेत येऊ नयेत म्हणून.